दुपारनंतरची रेघ

"उद्या दहाला गिऱ्हाईक यंत्र तपासायला येणार आणि त्याआधी, आज संध्याकाळीच, माझ्या बहिणीला हाकलणार!" मदत मागायला आलेल्या थोरल्या भावानं पत्र टेबलावर आपटलं. "म्हणे हिनं मुद्दाम आकडे बिघडवले!"

वहिनींनी पत्र शांतपणे दोनदा वाचलं. त्या खाजगी तपासाची कामं घेत. त्यांचे दीर, म्हणजे भावोजी, छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. टिपणं ठेवायला बरोबर असत. अर्थ न लागणारा शब्द दिसला की भावोजींचं डोकं तापे. या पत्रात तसे ओळीला तीन होते.

प्रयोगशाळेत त्याच्या धाकट्या बहिणीनं त्यांना समजावून सांगितलं. तिचा आवाज थकलेला होता.

"हे यंत्र विजेची अतिवेगवान लाट मोजून आकड्यांत उतरवतं. एका चिपला एवढा वेग झेपत नाही, म्हणून चार चिपा आळीपाळीनं मोजतात. पण चौघी सारख्या नसतात. एकीचं माप क्षणभर लवकर पडतं, दुसरीचं उशिरा. कुणाला किती सरकवायचं, त्याचे चार आकडे मी रोज सकाळी काढून यंत्रात भरते. पहिल्या मापाला पहिला आकडा, दुसऱ्याला दुसरा. मग पडद्यावर लाटेची एकच रेघ राहते. आणि दुपारनंतर बघावं, तर शेजारी दुसरी, खोटी रेघ!"

"आकडे बदललेले असतात?"

"तेच तर! जराही नाही. मी कागदावर उतरवून ठेवते. पण ऐकतंय कोण?"

वहिनींनी तिची डायरी चाळली. "गेले चोवीस दिवस. अठरा दुपारी बिघाड, सहा दुपारी काहीच नाही."

"म्हणजे बिघडवणाऱ्याला मधूनच दया येते," भावोजी चिडून पुटपुटले.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "तिची जागा मला हवी आहे, लपवत नाही. पण मधला आठवडाभर मी रजेवर होतो."

त्या आठवड्यातही चार दुपारी खोटी रेघ होती. भावोजींनी वहीत त्याच्यापुढे केलेली संशयाची खूण खोडली.

सफाईवाल्या मावशी भडकल्या. "मी कशाला हात लावतेय? जेवणाच्या सुट्टीत फरशी पुसताना भिंतीवरचं मोठं बटण बंद करायचं, असा मालकांचा हुकूम आहे. पुसून झालं की लावते."

"त्यानं आकडे पुसले जात नाहीत," धाकटी म्हणाली. "आणि यंत्र तापायला मी नंतर अर्धा तास देते."

यंत्राचा नकाशा काढणारा मुख्य अभियंता त्यांना आपल्या खोलीकडे घेऊन गेला. वाटेत एका रिकाम्या खोलीतला पंखा बंद करायला तो मुद्दाम थांबला. "वीज काय फुकट येते?"

त्याच्या टेबलावर तसलंच एक यंत्र गुणगुणत होतं. त्याला बॅटरी जोडलेली होती आणि बटणावर चिकटपट्टी होती: 'बंद करू नये.'

"इथे कधी खोटी रेघ दिसली?" वहिनींनी विचारलं.

"कधीच नाही. आकडे नीट भरले की दिसत नाही."

"मग बंद का करत नाही?"

"तापायला वेळ लागतो."

यंत्राचं झाकण उघडंच होतं. वहिनी वाकल्या. चार चिपांच्या मधोमध दोन रिकामी भोकं होती. "इथे काय बसतं?"

"जुन्या नकाशातलं उरलंय. गरज नाही त्याची."

चार वाजले. भावोजींनी वही मिटली. तीन माणसं, तिघांची उत्तरं सरळ आणि हाती भोपळा. "वहिनी, त्या पोरीला काय सांगायचं आता?"

"मालकांना बोलवा. आणि या तिघांनाही."

सगळे धाकटीच्या यंत्राभोवती जमले. तिनं नवे आकडे भरले. पडद्यावर एकच रेघ.

"आता बंद करून पुन्हा लाव," वहिनी म्हणाल्या.

एकच रेघ. मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. मुख्य अभियंता गालात हसला. भावोजींचे कान गरम झाले.

"पुन्हा."

या वेळी शेजारी खोटी रेघ उमटली.

"आकड्यांना कुणी हात लावला?" वहिनींनी विचारलं. "पोरी, आता तेच चार आकडे एकेक घर पुढे सरकव. शेवटचा पहिल्या जागी."

रेघ फिकी झाली, पण गेली नाही.

"आणखी एक घर."

खोटी रेघ नाहीशी झाली.

"वीज गेली की मोजणी कुठल्या चिपपासून सुरू होईल याचा नेम नाही," वहिनी म्हणाल्या. "आकडे मात्र आपापल्या जागी. मग एकीची दुरुस्ती दुसरीच्या माथी बसते. चारांतून एकदा योगायोगानं क्रम जुळतो. चोवीसांत सहा दुपारी जुळला. रोज सुट्टीत बटण बंद होतं, म्हणून बिघाड दुपारीच."

"पण हे लपवलं कुणी?" मालकांनी विचारलं.

"दर वेळी एकाच चिपपासून सुरुवात करायला लावणारा भाग त्या दोन भोकांत बसायचा होता. तो ज्यानं गाळला, त्याला परिणाम ठाऊक होता. रिकाम्या खोलीतला पंखा सहन न होणारा माणूस स्वतःचं यंत्र बॅटरी लावून अहोरात्र चालू ठेवतो! तापण्याची सबब खोटी. ही पोरगी अर्धा तास तापवते, तरी बिघडतंच."

मुख्य अभियंत्यानं मान खाली घातली. "मुदतीत तो भाग जमेना. वाटलं, चालून जाईल."

"आणि चाललं नाही तेव्हा हिच्यावर खापर?" भावोजी ओरडले. दिवसभराचा सगळा राग त्यात होता.

धाकटीच्या चेहऱ्यावर आनंद नव्हताच. "रविवारीसुद्धा येऊन आकडे काढले मी! वाटायचं, माझंच गणित चुकतंय. तुम्हाला एका दिवसात दिसलं. मला का नाही दिसलं?"

"तुला रोज सांगत होते ना, की चूक तुझी आहे. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं."

मालक खाकरले. "ठीक आहे. पत्र मागे घेतो. उद्याची चाचणी हिनंच करावी."

"पत्र इथे मागे घेऊ नका," धाकटी म्हणाली. "ते बाहेर सगळ्यांसमोर वाचलं होतंत."

मालक क्षणभर घुटमळले आणि दार उघडून बाहेर गेले. पंधरा-वीस माणसं आपापल्या टेबलांवर वाकलेली होती. त्यांनी पुटपुटत सुरुवात केली.

"जरा मोठ्यानं," धाकटी मागून म्हणाली.