न केलेली भेट

म्हसावदच्या गुजर घरातली जागृती विद्यापीठात फार्माकॉलॉजी शिकत होती. तिसरं वर्ष संपलं की एक वर्ष बाहेर प्रत्यक्ष काम करायचं आणि मग शेवटच्या वर्षाला परत यायचं, असा तो अभ्यासक्रम. वर्गातल्या बहुतेकांना गुजरातेतले औषधांचे कारखाने मिळाले. जागृतीने घर जवळ म्हणून धडगावमधला एका संस्थेचा दवाखाना घेतला. काम सरळ होतं. सिकलसेलच्या रोग्यांना सुरू केलेली गोळी मानवते की बाधते, हे पाड्यापाड्यांवर जाऊन विचारायचं. गोळी गुणाची, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी करणारी. त्यात ताप आला तर गोळी लगेच थांबवून रोग्याला खाली दवाखान्यात आणायचं. उशीर झाला तर जीव जायचा. हे जागृतीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

चैत्रातल्या एका बाजाराच्या दिवशी ती मोलगीला उतरली. वरच्या पाड्यावर दलसिंगची मुलगी रिना होती, नुकतीच गोळी सुरू केलेली. चढ उभा, ऊन पाठ भाजून काढणारं, त्यात टाचेला फोड आलेला. जागृती रसाच्या दुकानात टेकली आणि मैत्रिणीशी, कामिनीशी, फोनवर बोलत बसली. कामिनी वडोदऱ्याच्या थंडगार प्रयोगशाळेत काम करत होती. बोलणं संपल्यावर जागृतीने मोबाईलमध्ये रिनाच्या नावापुढे ‘भेट झाली, त्रास नाही’ असं टाकलं आणि ती परत फिरली. पुढच्या आठवड्यात नक्की जाऊ, असं तिने स्वतःला बजावलं.

त्याच आठवड्यात दलसिंग आणि त्याचे भाऊबंद रिनाला झोळीत घालून दवाखान्यात आले. पोरगी तापाने फणफणलेली, पांढऱ्या पेशी पार खाली गेलेल्या. डॉक्टर उमाकांत म्हणाले की आणखी एक दिवस गेला असता तर हाती काही लागलं नसतं. कुणी सांगितलं आणायला, असं त्यांनी विचारलं, तेव्हा दलसिंगने जागृतीकडे बोट दाखवलं.

“या ताईने. घरी आली होती ना. ताप आला की गोळी बंद, झोळी बांधा, बोलली.”

डॉक्टर तिच्याकडे बघून कौतुकाने हसले. खरं सांगायची वेळ तीच होती. जागृतीने मान खाली घातली, आणि ते सगळ्यांना विनयाचं वाटलं.

दुसरी कुणीतरी गेली असेल, दलसिंगची गफलत झाली असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. नर्सला विचारलं, आशाताईला विचारलं. त्या दिवशी पाड्यावर कुणीच गेलं नव्हतं. दलसिंगला आडून आडून विचारलं, तर त्याने सगळं सांगितलं. ताई बाजाराच्या दिवशी दुपारी आली. ओढणी हीच, पिवळी. रिनाचं डोकं मांडीवर घेऊन ती चुलीपाशी बराच वेळ बसली होती. फक्त एक गोष्ट त्याला नवल वाटल्यासारखी त्याने सांगितली. ताई मोलगीच्या वाटेने वर आली नव्हती. वरच्या जंगलातून खाली उतरली होती, आणि तिकडे वस्ती नाही.

रिना सावरू लागली. जागृती खाटेजवळ गेली की ती पावरी बोलीत काहीतरी बोलायची आणि उत्तराची वाट बघायची. जागृतीला पावरीचा एक शब्द येत नव्हता. शेवटी रिनाची आई जसोदाबाई हळूच म्हणाली, “ताई, त्या दिवशी आमच्याच बोलीत बोलत होत्या तुम्ही. आता का नाही बोलत?”

जागृती बाहेर आली.

पुढे डॉक्टरांनी तिला नव्याने आलेल्या शिकाऊ मुलांसमोर उभं केलं. रिनाच्या घरची भेट कशी झाली ते सांगायला लावलं. तिने सांगितलं. चढ, चूल, मांडीवरचं डोकं, सगळं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या कानाच्या पाळ्या जळत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पाड्यावर निघाली. धापा टाकत वर पोचली तेव्हा दलसिंगची म्हातारी आई, रेवाबाई, अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिला बाजारापुरती मराठी येत होती.

जागृती तिच्यासमोर खाली बसली. “आजी, त्या दिवशी मी आले नव्हते. आले म्हणून खोटंच लिहिलं.”

रेवाबाईचे हात थांबले नाहीत.

“ती बोलली होती,” म्हातारी म्हणाली. “मागून दुसरी येईल. रडेल. तिला काही बोलू नका, पाणी द्या, असं बोलली.”

“ती कोण, आजी?”

रेवाबाईने तिच्या तोंडाकडे बघितलं. मग तिच्या खांद्यामागे बघितलं. मग ती उठली आणि पाणी आणायला आत गेली.

जागृती पाणी प्यायली आणि मागे न बघता डोंगर उतरली.

मोलगीहून धडगावची शेवटची जीप खचाखच भरली होती. टपावर माणसं, मागच्या पायरीवर लोंबकळणारी माणसं. जागृतीला खिडकीशी जागा मिळाली. तिच्या शेजारची जागा मात्र रिकामीच होती.

कोंबड्यांची पाटी घेतलेला एक म्हातारा तिच्यापुढे वाकून उभा होता. बाबा, इथे बसा, असं ती त्याला म्हणाली. त्याने त्या जागेकडे पाहिलं आणि नजर वळवली.

ड्रायव्हर भटू शहाद्याकडचा, अहिराणी बोलणारा. त्याने आरशातून मागे पाहिलं.

“ताई,” तो म्हणाला, “तठे बाई बठेल शे ना.”

जीप सुटली. तिथे बसलेली बाई जागृतीला दिसत नव्हती.

घाटाच्या पहिल्या वळणावर सगळे एका अंगाला कलले, आणि जागृतीच्या खांद्यावर एक डोकं अलगद येऊन टेकलं, उन्हात चढ चढून दमलेल्या माणसाचं टेकतं तसं.