रवळू अण्णांचं पाणी

ही गोष्ट खरी आहे. पिरनवाडीत माझं गॅरेज आहे. वीस-बावीस वर्षं मी इंजिनं उघडतोय, आणि भूतबीत म्हटलं की आधी मलाच हसू येतं. म्हणून तर इतकी वर्षं गप्प होतो.

आज सांगतोय त्याला कारण आहे. ते शेवटी येईल.

साल १९३८. चैत्र महिना. वंटमुरीचा घाट.

रात्र नव्हती हो... भर दुपारचे बारा.

माझे आजोबा जोतिराम निपाणी ते बेळगाव प्रवाशांची सर्व्हिस मोटर चालवायचे. त्यांना हे काम शिकवलं रवळू अण्णांनी. रेडिएटरमध्ये पाणी भरायची अण्णांची एक पद्धत होती. गाडीचं तोंड चढाला लावायचं, इंजिन हळू चालू ठेवायचं, बारीक धारेनं पाणी ओतायचं आणि मधूनमधून रबरी नळीवर बोटाच्या पेरानं ठोकायचं.

ठक. ठक. ठक.

मग आत अडकलेली हवा गुडगुडत वर येते. शेवटचा बुडबुडा फुटेपर्यंत झाकण लावायचं नाही. हवा आत राहिली, तर वरून रेडिएटर भरलेलं दिसतं आणि इंजिन मात्र आत भाजत असतं. मी आजही असंच भरतो.

आदल्या वर्षी एका दुपारी संकेश्वरात पाणी आजोबांनी भरलं. समोरच्या हाटेलात गरम भजी निघत होती. त्यांनी भराभर पाणी ओतलं, झाकण लावलं आणि भजी खायला पळाले.

घाटात इंजिन उकळलं. अण्णांनी ओलं पोतं धरून झाकण फिरवलं...

सगळी वाफ तोंडावर आणि छातीवर आली.

तीन दिवस अण्णा पाणी पाणी करत होते. भाजलेल्याला पाणी द्यायचं नाही, असं वैद्यानं बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी ते गेले. घोटभरही पाणी न पिता.

पाणी कुणी भरलं होतं, हे आजोबांनी तेव्हा कुणाला सांगितलं नाही; मला सांगितलं ते म्हातारपणी. लोक म्हणाले, अण्णांचं नशीब. आजोबांनी मान हलवली. त्यांच्या त्या मान हलवण्याचा मला अजून राग येतो.

आता त्या चैत्रातली दुपार.

अण्णांची लेक अंजनी बाळंतपणाला निपाणीला माहेरी आली होती. दोन दिवस कळा येत होत्या, सुटका होईना. सुईणीनं हात टेकले. बेळगावच्या दवाखान्यात वेळेत पोचली तर वाचणार होती. मोटर तीच. चालवायला आजोबा. मागे अंजनी, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन तिची आई अंबुबाई.

घाटाच्या पायथ्याशी इंजिन तापलं.

आजोबांनी गाडी चढाला लावून थांबवली. रस्त्यावर माणूस नाही. झाडावर पाखरू नाही. अंजनीचं कण्हणं तेवढं ऐकू येत होतं.

इंजिन जरा निवल्यावर त्यांनी झाकण काढलं, गाडी पुन्हा सुरू केली आणि रस्त्याकडेच्या विहिरीवरून डब्यानं पाणी आणून ओतू लागले. त्या रेडिएटरमध्ये तीन डबे मावायचे. तीन ओतले. काठोकाठ भरलं. त्यांनी झाकण लावायला घेतलं...

ठक. ठक. ठक.

नळीवर कुणीतरी ठोकलं होतं.

आजोबांचे दोन्ही हात झाकणावर होते.

पाणी गुडगुडत खाली गेलं. चौथा डबा ओतला, गेला. पाचवा ओतला, तोही गेला. आजोबांनी वाकून गाडीखाली बघितलं. माती कोरडी होती.

"जोतिराम, चल की रं!" अंबुबाई आतून ओरडल्या. "पोरगी गार पडाय लागलीया!"

"आक्का, हवा धरलीया... थांबा जरा."

सहावा डबा ओतला, आणि आवाज बदलला.

आता तो बुडबुड्यांचा नव्हता. घटाघटा कुणीतरी पाणी पीत होतं...

अंबुबाई खाली उतरल्या. रेडिएटरपाशी येऊन त्यांनी कान दिला. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"ह्ये असंच पीत हुते," त्या म्हणाल्या. "मोटरीवरनं आल्यावर. असंच."

आजोबांच्या हातातून डबा पडला. ते तिथंच मातीत बसले आणि हुंदके देत बोलले, "अण्णा, त्या दिवशी पाणी मीच भरलतो. भज्यांच्या नादानं घाई केलो. माझं काय बी करा... अंजनीला जाऊ द्या!"

सगळं शांत झालं.

अंजनीचं कण्हणंसुद्धा थांबलं.

अंबुबाई आजोबांकडे बघत राहिल्या. डबा उचलून स्वतः विहिरीवर गेल्या आणि सातवा डबा त्यांनी ओतला. बारीक धारेनं.

"प्या," त्या म्हणाल्या. "सावकाश प्या."

एकच बुडबुडा वर आला. मोठा, लांब... सुस्काऱ्यासारखा. मग पाणी काठाशी थांबलं, आणि मागं अंजनी पुन्हा कण्हली.

सगळा घाट गाडी थंड इंजिनानं चढली. अंजनी वाचली. मुलगी झाली.

संध्याकाळी दवाखान्याबाहेर आजोबांनी रेडिएटर उघडलं.

आत थेंबभर पाणी नव्हतं. बोट घातलं तर कोरडा गंज लागला.

अंबुबाईंनी डबा त्यांच्या हातात दिला. "रोज भरून ठेव," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर जन्मात त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

आजोबा रोज संध्याकाळी डबा भरून दाराशी ठेवायचे. सकाळी रिकामा. मांजर पीत असेल, म्हणून मी लहानपणी एकदा त्यावर पाटा ठेवला. सकाळी पाटा जागच्या जागी होता. डबा रिकामा.

आजोबा नव्वदाव्या वर्षी गेले. तो डबा आता माझ्या गॅरेजात आहे. पण ते गेले त्या आठवड्यापासून एका डब्यानं भागत नाही. दुसरा ठेवला नाही, तर सकाळी एखाद्या गाडीचं रेडिएटर कोरडं सापडतं. हवा काढून, मी स्वतः भरलेलं.

शेवटच्या घटकेला आजोबांनी पाणी मागितलं होतं. ते मी पाजलं. बाहेर गिऱ्हाईक हॉर्नवर हॉर्न वाजवत होतं. मी तांब्या तोंडाला लावला आणि भराभर ओतलं...

त्यांच्या घशात गुडगुड झालं.

मग काहीच नाही.

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज पहिल्यांदा कबूल करतोय, आजोबांनी घाटात केलं तसं.

दोन्ही डबे भरून दाराशी ठेवलेत. उद्या सकाळी दुसरा तरी भरलेलाच असू दे.