अकरा ओळी

चौकशीची फाईल त्या दिवशी पाच वाजता बंद होणार होती. माझं काम एवढंच, जुनी नोंद छापायची आणि खाली ‘पूर्ण’ लिहून सही ठोकायची. चार वाजले होते, खिडकीत लख्ख ऊन होतं. घाबरण्यासारखं काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

आमचा उपग्रह डोक्यावरून जायचा तेव्हा टेकडीवरचं केंद्र त्याचे आकडे पकडून तारेवरून माझ्या खोलीत पाठवायचं. सेकंदाला एक ओळ. बॅटरी किती तापली, वीज किती उरली. माझं यंत्र ते नोंदवून ठेवायचं. टेकडीवर बसायचे ते मामा. नात्याने कोणाचेच नव्हते, पण सगळे मामाच म्हणायचे. उपग्रह मावळला की त्यांचा फोन ठरलेला, "मिळालं का गं सगळं?" मी "मिळालं" म्हटलं की मगच ते आपल्याकडची प्रत पुसायचे.

एकदा शेवटच्या अकरा ओळी आल्याच नाहीत. परत मागवायच्या म्हणजे तासभराचा खोळंबा, आणि मला घरी जायची घाई. मी आधीचीच ओळ अकरा वेळा चिकटवली आणि म्हटलं, "मिळालं."

नेमक्या त्याच अकरा सेकंदांत बॅटरी भडकली होती. दुसऱ्या दिवशी उपग्रह कायमचा गप्प झाला. धोका कळवला नाही म्हणून ठपका मामांवर आला. "मी पाठवलं होतं," एवढंच ते म्हणत राहिले, पण नोंद माझ्या बाजूने होती. त्यांची नोकरी गेली, आणि वर्षाच्या आत मामाही गेले. मी तोंडातून ब्र काढला नाही. लाज वाटते सांगायला.

फाईल बंद होणार त्या दिवशी मामी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. नवऱ्याच्या नावावरचा डाग पुसला जाईल, या आशेने.

मी पेन उघडलं आणि फोन वाजला. टेकडीचा फोन. केंद्र बंद होऊन दोन वर्षं झाली होती. त्या फोनची तार कापलेली होती, तिचं टोक टेबलाखाली लोंबत होतं. मी वाकून ते हातात घेऊन पाहिलं. फोन वाजतच राहिला. खोलीत जळक्या रबराचा वास येऊ लागला.

उचलला. आधी नुसती खरखर. मग...

"मिळालं का गं... सगळं?"

"नाही मामा... अकरा ओळी... नाही मिळाल्या."

पलीकडे कोणीतरी सुस्कारा सोडला. यंत्राचा दिवा लागला. पडद्यावर त्या जुन्या दिवसाची तारीख उमटली. बॅटरी एकेचाळीस अंश. मग सत्तेचाळीस. मग छप्पन्न. मी मोजल्या, बरोबर अकरा ओळी आल्या.

कागद छापून मी साहेबांकडे धावले, मामींनाही आत बोलावलं, आणि सगळं कबूल केलं. रडू आवरत नव्हतं.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "असं किती वेळा केलंस?"

"एकदाच साहेब. शपथ."

समोरच्या माझ्या खोलीत फोन पुन्हा वाजला. मी जागची हलले नाही. मामीच उठून गेल्या. उघड्या दारातून मला त्या दिसत होत्या. रिसीव्हर कानाला लावून मान डोलवत होत्या, घरच्या माणसाशी बोलावं तशा.

"हो... सांगते तिला."

त्या माझ्याकडे वळल्या. "हे म्हणतायत, थांब जरा. बाकीच्या दिवसांचंही पाठवतोय."

त्यांच्या पायाशी तारेचं कापलेलं टोक तसंच लोंबत होतं, आणि यंत्र बारावी ओळ नोंदवत होतं.