फोन फौजदाराकडे

"हात वर!"

मी दारातच थबकले. पांढऱ्या कोटातला एक उंच माणूस माझ्या बोटांकडे रोखून बघत होता.

"आत्ता केस मागे सारलेत तुम्ही. हातमोजे बदला."

सगळी प्रयोगशाळा त्याला फौजदार म्हणायची ते उगाच नाही! आरएनए भलतं नाजूक. आपल्या कातडीवरचं जरासं काही लागलं, तरी त्याचे तुकडे होतात. म्हणून आरएनएच्या त्या खोलीत त्याचा कायदा चालायचा.

"काम काय तुमचं?" नव्या मोज्यांचा खोका पुढे करत त्यानं विचारलं.

"माणसाच्या यकृतातलं मायक्रो-आरएनए. पेशीत अमुक प्रथिन बनवा असा निरोप निघतो ना, त्याला हे इवलंसं कार्टं वाटेत गाठतं आणि म्हणतं, नको. मी त्याचं तोंड बंद करून बघतेय. मग प्रथिन वाढायला हवं."

मास्कच्या वरचे डोळे हसले. "कॉफी घेणार?"

"नको."

"अरे वा... तुम्हीपण यकृतातल्याच की!"

मग रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. घर एकदा मोडलेलं. पाळणाघरात तीन वर्षांची ठकी, आणि तिला मी एकटी. हो म्हणायला छाती कुठून आणायची?

त्यात आरएनए दोनदा तुटलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "यकृताच्या पेशींचा एवढाच साठा उरलाय. हे फसलं तर विषय बंद."

पेशींना मायक्रो-आरएनएचं तोंड बंद करणारं औषध दिलं. आरएनए काढायच्या दिवशी मी स्वतःच्याच हातांवर नजर ठेवली. नळीचं झाकण उघडलं... आणि हात आपसूक खिशात. फोन. पाळणाघराचा निरोप नाही ना? फोन परत खिशात, हात परत नळीकडे—

"फोन!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

"बाहेर ठेवा तो," तो म्हणाला.

"आणि ठकी पडली तर? ताप आला तर?"

"माझ्याकडे द्या. दाराबाहेर बसतो. वाजला तर उचलतो."

"तुम्ही?"

"का? फौजदाराला लहान मुलांशी बोलायची बंदी आहे?"

मी कुणाच्या हाती ठकीची बाटलीसुद्धा देत नसे. तरी... दिला फोन. मोजे बदलले.

काचेपलीकडे तो स्टुलावर बसला होता. माझा फोन तळहातावर, अंडं धरावं तसा. माझं काम निम्म्यावर आलं आणि फोन वाजला. माझा जीव टांगणीला! तो बोलला, हसला, मग गंभीर होऊन मान डोलवू लागला. माझ्याकडे बघून त्यानं चक्क बूट काढला, पायातला मोजा ओढून काढला आणि काचेसमोर नाचवला. मग दोन्ही हात झाडले... हरवला! मग तोच मोजा उशीखालून काढल्याचा अभिनय... सापडला!

ठकीचा मोजा. एवढंच!

मला हसू फुटलं. पण नळीवरचा हात हलला नाही.

आरएनए अखंड निघालं. मायक्रो-आरएनए गप्प झालं होतं. आणि दोन दिवसांनी पडद्यावर प्रथिनाची पट्टी उमटली. औषध न दिलेल्या पेशींत फिकट, दिलेल्या पेशींत काळीभोर, ठसठशीत. शेजारची तुलनेची पट्टी दोन्हीकडे सारखी. म्हणजे चूक नाही! मी अशी किंचाळले की मॅडम धावत आल्या. त्यांनी पडदा पाहिला आणि मला मिठीच मारली.

तो दाराशी उभा होता. हातमोजे काढलेले. ते हात मी पहिल्यांदाच पाहत होते.

"आता तरी... कॉफी?"

नको जिभेवर आलंच होतं. तिथेच अडवलं.

"कॉफी नंतर. आधी पाळणाघरात चला. फोनवाले काका कधी येणार म्हणून ठकीनं तिथल्या ताईंचं डोकं खाल्लंय."

"नुसतं ठकीला भेटायला?"

"नाही... तिच्या आईलाही तुम्ही आवडता."

फौजदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी हातमोजे काढून टाकले आणि त्याचा हात धरला. मोकळा, ऊबदार.

माझा हात अगदी स्थिर होता.