डावीकडचं तिसरं चाक

हे कुणाला पटणार नाही, आणि पटवत बसायची मला हौसही नाही. पण कारागांडात, आमच्या कोळशाच्या खाणींच्या शहरात, एकदा नखाएवढं चाक चोरीला गेलं, आणि चोरानं मालकिणीला बुडवायचं सोडून तिला सुवर्णपदकाच्या दारात नेऊन उभं केलं. चहा ओता, सांगतो.

खाणकामगारांच्या सभागृहात आमच्या क्लबची हातानं बनवलेल्या छोट्या रणगाड्यांची, मॉडेलांची, स्पर्धा होती. परीक्षण तीनला. एक वाजता झाउरेश आपाय, आम्हा सगळ्यांची थोरली ताई, जेवून परतली आणि काचेच्या कपाटासमोर थबकली.

"साबिर, इकडे ये. हा माझा रणगाडा नाही."

साबिर आगा म्हणजे क्लबातला थोरला दादा; त्याची हयात खाणीतल्या अपघातांची चौकशी करण्यात गेलेली. तो वाकला. वीतभर लांबीचा रणगाडा जागच्या जागी होता.

"काय गेलंय?"

"डावीकडचं तिसरं चाक. माझं नुसतं लोखंडी होतं. याला रबराची धाव आहे."

याच चाकावरून महिनाभर भांडण चाललं होतं. आपायचे वडील युद्धात हा रणगाडा चालवत. शेवटच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, 'रबर संपलंय. डावीकडचं तिसरं चाक नुसतं लोखंडी बसवलंय, दात खुळखुळतात.' पुढे पत्र आलं नाही आणि तेही आले नाहीत.

क्लबचे अध्यक्ष गेर्मान स्तेपानोविच म्हणत, पत्र हा पुरावा नव्हे. फोटो आणा, नाहीतर कारखान्याचा नकाशा. नकाशात दोन्ही बाजूंची पाचही चाकं रबरी आहेत. ते चाक बदला, सुवर्णपदक तुमचंच, मॉडेल राजधानीच्या प्रदर्शनात जाईल. नाहीतर बाद.

"बाद करा," आपाय म्हणाली होती. "माझा बाप तुमच्या नकाशावर बसून लढत नव्हता."

साबिर आगानं आधी राखणदारीण ल्युबाला गाठलं.

"कपाटाची किल्ली कुठे असते?"

"त्या खिळ्याला."

"जेवणाच्या वेळी आत कोण होतं?"

"अध्यक्ष आणि तैमास. एकेकटे येऊन गेले. पण मला एक सांगा, शेजारचा अध्यक्षांचा रणगाडा कुणी फिरवला? सकाळी धूळ पुसताना डावी बाजू पुढे होती, आता उजवी आहे. बोलणी मलाच बसणार."

मग दुसरा स्पर्धक, तैमास.

"आपाय बाद झाली तर पहिला कोण?"

"मीच."

"मग चाक का बदललंस?"

"आगा, डोकं ठिकाणावर आहे ना? ते लोखंडी चाक होतं तोवर पदक माझं होतं. मी त्याच्यावर पहारा बसवला असता."

शेवटी अध्यक्ष.

"चाक कुणी बदललं असेल?"

"कोण जाणे. पण आता ते नकाशाप्रमाणे आहे. कुणाचं काय बिघडलं?"

साबिर आगानं भिंग लावलं. रणगाडा खरा वाटावा म्हणून चाकांना चिखल फासलेला; नऊ चाकांवरचा पिवळट, दहाव्यावरचा काळपट. त्याचं रबर कडेनं झिजलेलं, रंग बारीक बारीक उडालेला.

अडीचला त्यानं सगळ्यांना कपाटापाशी बोलावलं.

"चोराला आपायला हरवायचं नव्हतं, जिंकवायचं होतं. म्हणजे तैमास सुटला. आता चाक आणायचं कुठून? डब्यातलं कोरं चाक दुकानात मिळतं. पण मळलेल्या रणगाड्याला कोरं चाक लावायला आपल्यातल्या कुणाचा हात धजेल? चोरी करतानाही हा माणूस चुकीचं चाक लावू शकला नाही. त्याला लढाईत झिजल्यासारखं केलेलं हवं होतं, आणि तेही डाव्या बाजूचं. तसं फक्त दुसऱ्या तयार रणगाड्यावरच मिळतं. आपाय चिखलाला तिच्या बागेतली पिवळी माती वापरते. चिखलात कोळशाची पूड कोण घालतं?"

तैमास छताकडे बघत राहिला.

साबिर आगानं अध्यक्षांचा रणगाडा फिरवला. डाव्या बाजूला चार चाकं, आणि मध्ये उघडा आस.

"दहा वर्षांत आपल्या क्लबचं एकही मॉडेल राजधानीत गेलेलं नाही," गेर्मान स्तेपानोविच हळूच म्हणाले. "एवढं सुंदर काम एका चाकापायी घरी बसणार होतं."

"आणि तिचं चाक?"

अध्यक्षांनी खिशातून घडी घातलेला रुमाल काढला. "फेकायला गेलो होतो. फेकवलं नाही. फार चांगलं केलंय."

आपायनं फुंकर मारून चाक जागेवर बसवलं. आणि मंडळी, तीनच्या ठोक्याला परीक्षक उठून उभे राहिले, एकमतानं तिला सुवर्णपदक दिलं, अध्यक्ष ढसाढसा रडले, आणि त्या वीतभर रणगाड्यानं तोफ वर करून सलामीचे तीन बार काढले. छताला अजून—

"खोटं."

मागच्या टेबलावर झाउरेश आपाय बसली होती. ती कधी आली ते मला दिसलंच नव्हतं.

"तोफेचं राहू दे, पदकसुद्धा खोटं. तीनला मला बाद केलं. त्याला सात वर्षं झाली. दरवर्षी तोच रणगाडा नेते, दरवर्षी बाद करतात. उद्या दहाला परत ठेवणार आहे. लोखंडी चाक पुढे करून."