गॅरेजात गप्प बसणारी गाडी

मार्गासनीच्या गतिरोधकापाशी एक लाल स्पोर्ट्‌स कार तिरकी उभी होती आणि एक माणूस बॉनेटवर दोन्ही हात टेकून तिला खाली-वर हलवत होता. कान मात्र चाकाकडे! श्रावणातली भुरभुर चालू होती, शर्ट पाठीला चिकटला होता, पण त्याला कशाचंच भान नव्हतं. मी स्कूटी थांबवली. नसरापूरला माझं आणि माझ्या वडिलांचं, आबांचं, गॅरेज आहे. अडलेली गाडी दिसली की माझे पाय आपोआप खाली टेकतात.

"झोपवताय का उठवताय तिला?" मी विचारलं.

तो दचकला, मग हसला. गालावर... हो, खळी होती. आता आहे ते आहे.

"आवाज येतोय ओ. टक्‌... टक्‌टक्‌... नवं सस्पेन्शन बसवून गाडीची उंची कमी केली, तवापास्नं. खड्डा आला की डावीकडनं कुणीतरी दार वाजवल्यासारखं."

"उद्या नसरापूरला आणा. शिवानीचं गॅरेज विचारा, कुणीही दाखवील."

"शिवानी कोण?"

"मीच की!"

त्याचं नाव इंद्रजित. वेल्ह्यात भाताची गिरणी. ही गाडी त्यानं पानशेतच्या एका बंगलेवाल्याकडून जुनी घेतली होती आणि तिच्यावर त्याचा भारी जीव होता.

दुसऱ्या दिवशी मी चाकं काढली, बोल्ट आवळून पाहिले, स्प्रिंगा चाचपल्या. सगळं जागच्या जागी. मग काच खाली करून त्याच्या शेजारी बसले.

"मी सांगेन त्या खड्ड्यात घालायची गाडी."

"खड्ड्यात घाल म्हणणारी बाई पहिल्यांदाच भेटली..."

"घाला मुकाट्यानं!"

खड्ड्यामागून खड्डे झाले. गाडीनं हूं की चूं केलं नाही. त्याचा चेहरा एवढासा झाला.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. नंतर पुन्हा. दर वेळी म्हणायचा, "घरी लई वाजती ओ," आणि दर वेळी गॅरेजात गाडी गप्प. आबा जीपखालून म्हणाले, "पोरी, गाडीला काय बी झालं न्हाई. आजार मालकाला हाय."

मी आबांवर डाफरले खरी, पण मनातून अशी काही सुखावले की विचारू नका. नसलेल्या आवाजासाठी इतक्या लांब कोण येतं? मी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसायला लागले आणि तो "टक्‌टक्‌" म्हणाला की मला हसू आवरेना.

एका शुक्रवारी त्यानं ते हसू पाहिलं.

"रविवारी पुण्याचा एकजण गाडी बघायला येतोय. देऊन टाकतो," तो हळूच म्हणाला. "आवाज काय जात न्हाई. आणि तुला वाटतंय मी खोटं बोलतोय..."

तो निघून गेला. आवाज सापडला नाही तर गाडी जाणार, आणि गाडीबरोबर तोही. सापडला, तर मग नसरापूरला यायचं त्याला कारणच काय? दोन्हीकडून माझीच पंचाईत! पण माझ्या हसण्यापायी त्याची लाडकी गाडी जावी, हे मला सहन होईना. शनिवारी सकाळी न कळवता मी वेल्ह्याला गेले.

गिरणीच्या अंगणात गाडी उभी होती. पुढचं चाक पूर्ण वळलेलं. आणि चाकाआड कोपरापर्यंत हात घालून एक नऊवारीतली बाई काहीतरी बांधत होती.

"आत्या! काय करतीयास?" इंद्रजित गिरणीतून धावत आला.

मी वाकून पाहिलं. नव्या स्प्रिंगला काळ्या दोऱ्यानं घोड्याची नाल लोंबत होती! बोटानं ढकलली. टक्‌... टक्‌टक्‌.

"लाल गाडी, बाई, लई दिष्ट लागती," चंद्राबाई आत्या ओशाळून म्हणाल्या. "पुढं लिंबू-मिरची बांधायची म्या. पर ह्यानं गाडी इतकी खाली आणली, लिंबू रस्त्याला घासायला लागलं. मग नाल आणून आत बांधली."

"मग मला कशी दिसली नाही?"

"ह्यो तुमच्याकडं निगाला की आदी काढून ठिवायची. तुमी हसला असता न्हवं?"

आम्ही तिघंही पोट धरून हसलो. पण हसता हसताच माझ्या मनात चर्र झालं. आवाज खरा होता. म्हणजे तो आवाजासाठीच येत होता... बाकी सगळे माझेच मनातले मांडे!

"तिथं ब्रेकचा पाइप आहे, आत्या, पुन्हा काही बांधू नका," मी नाल सोडून त्याच्या हातात दिली. "गाडी ठणठणीत आहे. आता नसरापूरला यायचं कारण नाही."

तो काही बोलेल म्हणून मी थांबले. त्यानं एकदा नालेकडे पाहिलं, एकदा शेजारच्या आत्याकडे. मी स्कूटीला किक मारली. रस्ताभर डोळे पुसत आले.

सोमवारी वेल्ह्याची एसटी आमच्या दारापुढे थांबली आणि तो उतरला. हातात तीच नाल.

"गाडी कुठाय? विकली?"

"न्हाई. पुण्याच्या माणसाला नको म्हणून कळवलं. गाडीला काय झालंच न्हाई, तर गॅरेजला कशाला आणू? म्हणून एसटीनं आलो."

"मग काम काय काढलंत?"

"शिवानी... आवाज खरा होता. पण गॅरेज वेल्ह्यात हाय, मार्गासनीला पण हाय. त्या दिवशी मार्गासनीच्याच गॅरेजात चाललो होतो मी, तू आडवी आलीस." त्याचे कान लाल झाले. "तू मला आवडतीस. परवाच सांगायचं होतं, पण आत्या शेजारीच उभी..."

जीपखाली आबांना भलताच खोकला आला.

"ही आत्यानं तुझ्या दारावर लावायला दिलीय," त्यानं नाल पुढे केली. "म्हणाली, आता दिष्ट गाडीला न्हाई, तुमा दोघांस्नी लागायची."

मी हातोडी आणि खिळे त्याच्या हातात ठेवले. "लाव. नीट घट्ट लाव."

"आणि वाजली तर?"

"वाजली तर ये. नाही वाजली तरी ये," मी म्हणाले.