झऱ्यांचा नकाशा

गिरीज गावातल्या आमच्या घरात अल्ताराशेजारी, म्हणजे प्रार्थनेच्या वेदीशेजारी, एक नकाशा टांगलेला असायचा. माझा नवरा स्टॅनी याच्या पणजोबांनी बोरूने काढलेला. डोंगरातून खाडीकडे येणारी नदी आणि निळ्या शाईच्या ठिपक्यांनी दाखवलेले तिचे झरे. शेवटचा ठिपका आमच्या वाडीतल्या विहिरीचा. कागद बारा महिने दमट, ठिपक्यावर बोट टेकवलं की ओलं व्हायचं. मला बुरशी खपत नाही. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून मी त्याचं लॅमिनेशन करून आणलं.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्याला वारा लागतो गो, जीना."

त्याच आठवड्यात विहिरीवरचा पंप नुसती हवा ओढू लागला. केळींनी माना टाकल्या. कंपनीतली नोकरी सोडून स्टॅनीने ही वाडी उभी केली होती. त्याच्या तोंडाकडे मला बघवेना.

आम्ही बादली सोडली. ती पाण्यावर आपटली आणि कोरडीच वर आली. वाकून पाहिलं तर पाणी होतं, अगदी नितळ. त्यावर सायीसारखं काहीतरी ताणलेलं होतं, चकचकीत. मी दगड टाकला. तो उसळून वरच पडून राहिला.

स्टॅनी कमरेला दोर बांधून, कोयता घेऊन उतरला.

"पायाखाली पानी लागतंय," तो खालून म्हणाला, "पण पाय भिजत नाय."

कोयत्याचा एक घाव ऐकू आला. दोर सैल पडला. ओढला तर गाठ तशीच, आत स्टॅनी नाही. खाली त्या सायीत कुठे चीरही नाही.

हाका मारून माझा घसा बसला. घरात धावले तर सासूबाई नकाशासमोर उभ्या. प्लास्टिकच्या आतून, आमच्या विहिरीच्या ठिपक्यावर वाफ धरत होती. विरत होती. पुन्हा धरत होती. माणूस श्वास घेतो तशी.

मी कात्री आणली. प्लास्टिक कागदात वितळून बसलेलं. कापायचं तर त्याच ठिपक्यावर, आणि त्याखाली स्टॅनी. माझा हात उठेना.

"काप," सासूबाई म्हणाल्या. मी कात्री टेकवली, तेव्हा त्यांनीच माझं मनगट धरून मला अडवलं.

तेवढ्यात वाफ सरकली. शेजारच्या ठिपक्यावर धरली. मग त्याच्या वरच्या. स्टॅनी बाहेर पडायची वाट शोधत होता.

आमचा ठिपका मोकळा होताच मी तो कापला. बाहेर विहिरीत पाणी खळखळलं. त्या भोकाला तोंड लावून मी त्याला परत बोलावलं, रडले, शिव्या दिल्या.

वाफ डोंगराकडेच चालली होती. डोंगरापायथ्याच्या सातिवली गावच्या झऱ्याशी ती थांबली. तिथे आता सगळी गोदामं आहेत, झऱ्यावर काँक्रीट.

तिथे ती बराच वेळ धरत राहिली, प्रत्येक वेळी थोडी लहान.